हत्यारांच्या पट्ट्याला सुरक्षा संचात जागा द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणेशोत्सवाच्या मांडवांची उभारणी सुरू झाली की वीजकाम करणाऱ्यांना रात्रंदिवस मागणी असते. या दिवसांत परांचीवर चढलेला वायरमन जरा खालून पाहावा. पक्कड पँटच्या मागच्या खिशात, डिसमिस दातांत, टेस्टर शर्टाच्या खिशात, इन्सुलेशन टेपची रिंग मनगटात, आणि खाली उभ्या असलेल्या पोऱ्याला हुकूम : 'कटर वर फेक रे!' कटर वर जातो, झेल हुकला तर तसाच खाली येतो, आणि खाली वर्गणीचा हिशेब करत मंडळी बसलेली असतात.

अपघात झाला की हेल्मेट होते का, सेफ्टी बेल्ट लावला होता का, असे विचारले जाते आणि ते योग्यच आहे. हत्यारे ठेवायचा कमरेचा पट्टा होता का, हे मात्र कोणी विचारत नाही. तो पट्टा म्हणजे परदेशी मिस्त्रीची ऐट, अशी आपल्याकडची समजूत. एखाद्या नव्या पोराने हौसेने आणलाच, तर साइटवरचे जुने लोक 'काय रे, शूटिंगला चाललास का?' म्हणून त्याची टर उडवतात. आठ दिवसांत तो पट्टा घरी खुंटीला लागतो. खरे तर कमरेला हत्यार अडकवणे आपल्याकडे नवे नाही. कोकणात आणि गोव्यात माडावर चढून नारळ पाडणारा माणूस कमरेच्या मागे आकडी बांधतो, तिच्यात कोयता अडकवतो आणि दोन्ही हात मोकळे ठेवून वर जातो. दातांत कोयता धरून माडावर चढणारा कोणी पाहिला आहे का? मग डिसमिसाच्या बाबतीत आपण ते कसे चालवून घेतो?

आधी दोन पट्ट्यांची गल्लत दूर केलेली बरी, कारण तिच्यामुळे जीव जाऊ शकतो. हत्यारांचा पट्टा माणसाला धरत नाही. त्याची बक्कल, शिवण, रिबिटे सगळी दोन-तीन किलो वजनासाठी असतात. पडणाऱ्या माणसाला धरायला आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा, खांदे, छाती आणि दोन्ही मांड्यांभोवती जाणारा पूर्ण हार्नेसच लागतो. नुसत्या कमरेच्या सेफ्टी बेल्टवर माणूस पडला, तर सारा झटका पोटावर आणि कण्यावर येतो. शरीर मधोमध दुमडते आणि उलटे झाल्यास माणूस पट्ट्यातून निसटूही शकतो. खांबावरचा लाइनमन कमरेचा पट्टा खांबाभोवती टाकून मागे रेलतो, ते हात मोकळे ठेवून उभे राहता यावे म्हणून. पडणे अडवण्याची सोय त्याशिवाय वेगळी करावी लागते.

उलटी गल्लतही तितकीच सर्रास आढळते. हार्नेस मिळाला की त्याच्या डी-रिंगमध्ये, म्हणजे डी आकाराच्या कडीत, हातोडी लटकते, ड्रिल लटकते, वायरचे बंडलसुद्धा लटकते. ती कडी लॅनयार्डच्या, म्हणजे हार्नेस पक्क्या आधाराला जोडणाऱ्या दोरीच्या, हुकासाठी मोकळी राहायला हवी. तिथे दुसरे काही अडकले की हुकाचे तोंड नीट मिटत नाही, आणि वरून लावलेला हुक मिटला की नाही हे घालणाऱ्याला दिसतही नाही. दोन्ही वापरायचे तर आधी हार्नेस घालून मांड्यांचे पट्टे आवळावेत, मग वरून हत्यारांचा पट्टा बांधावा. त्याने हार्नेसची एकही कडी किंवा बक्कल झाकली जाऊ नये.

आता खाली पडणाऱ्या वस्तूंचा हिशेब. तीन मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीवर पोचताना तिचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. १० मीटरवरून तो ५० होतो आणि २० मीटरवरून, म्हणजे सहा-सात मजल्यांवरून, ७० च्या पुढे जातो. पक्कड असो की हातोडी, वेगात फारसा फरक नाही. फरक पडतो तो वजनामुळे माऱ्यात. आठ इंची पक्कड पाव किलोच्या थोडी वरच भरते. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नसते. म्हणून रस्त्याला लागून किंवा गर्दीच्या वर काम असेल, तर हातोडी, पाना, पक्कड यांना पट्ट्याशी बांधलेली छोटी दोरी हवी. हात पूर्ण लांबवता येईल इतकीच ती लांब असावी. जास्त लांब असली तर शिडीच्या पायरीत अडकते. ही दोरी मनगटाला बांधू नये. जड हत्यार सुटले की झटका मनगटाला बसतो आणि त्या दचक्याने माणसाचाच तोल जातो. दोन किलोंपेक्षा जड वस्तू, म्हणजे हॅमर ड्रिल किंवा मोठा ग्राइंडर, माणसाला बांधूच नये. परांचीच्या पक्क्या आडव्या दांडीला बांधावी. ती वर नेताना बादलीत घालून दोरीने ओढून घ्यावी. शिडी चढताना ड्रिल पट्ट्याला लटकवणारे बरेच असतात. प्रत्येक पायरीला ते मशीन गुडघ्यावर आपटते आणि एकदा तरी वायर पायात येते.

हा झाला खाली उभ्या असलेल्यांचा धोका. काम करणाऱ्याचा स्वतःचा धोका शर्टाच्या खिशात असतो. इमारतीच्या मीटर रूममधल्या पॅनेलवर माणूस वाकतो, टेस्टर किंवा छोटा डिसमिस खिशातून सरकतो आणि उघड्या बसबारवर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीवर, पडतो. दोन फेजच्या मधे, किंवा फेज आणि अर्थ केलेला पत्रा यांच्या मधे, लोखंडी दांडी आडवी पडली की शॉर्ट सर्किट होते. ट्रान्सफॉर्मर जवळ असेल तर त्या क्षणी हजारो अँपिअरचा प्रवाह वाहतो. तो इतका असतो की दांडीच्या टोकाचे आणि तांब्याचे वितळून वाफेत रूपांतर होते, आणि वरचा फ्यूज उडेपर्यंत त्या ज्वाळेने चेहरा, डोळे, हात भाजून निघतात. त्या माणसाला शॉक लागलेलाच नसतो, तरी तो जायबंदी होतो. यावर उपाय सोपा आहे : पॅनेलसमोर उभे राहताना कमरेच्या वर एकही धातूची वस्तू नको. खिशातले पेनसुद्धा काढून ठेवावे.

कमरेला जे असते ते कुठे असावे, याला पक्के कारण आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्याने पक्कड, कटर, स्ट्रिपर (वायरचे आवरण सोलायचे हत्यार) आणि दोन-तीन डिसमिस उजव्या कुल्ह्याच्या किंचित पुढे ठेवावेत. डाव्या बाजूला खपणारा माल : स्क्रू, रावल प्लग (स्क्रूसाठी भिंतीत बसवायचे), टेप, आणि मापाची फीत, मार्कर. डावखुऱ्याने हे सगळे उलटे करावे. तयार पट्टे बहुतेक उजव्यांसाठीच शिवलेले असल्याने त्याने सुटे कप्पे घेऊन हवे तसे ओवावेत. हातोडीची कडी कुल्ह्याच्या मागच्या अंगाला, म्हणजे चालताना दांडा मांडीवर आपटत नाही. बरोब्बर पाठीमागे, कण्यावर, कडक असे काहीच नको. माणूस उताणा पडला तर तिथली पक्कड मणक्यात जाते. पोटासमोरही काही नको, कारण शिडीवर तिथेच टेकायचे असते आणि वाकतानाही तोच भाग दुमडतो.

पक्कड तोंड खाली, मुठी वर. डिसमिस टोक खाली. चाकू दुमडलेलाच, उघडा चाकू कप्प्यात ठेवणाऱ्याचे बोट हत्यार चाचपताना कापते. करवतीचे पान पट्ट्यात नकोच. कप्प्याची खोली हत्याराच्या साधारण निम्म्याहून थोडी जास्त असावी. कमी असली तर वाकताना हत्यार निसटते, जास्त असली तर दोन बोटांनी उपसून काढावे लागते आणि मग माणूस कंटाळून ते कप्प्यात परत ठेवतच नाही. घरगुती वायरिंगला पुरेल एवढा सरंजाम म्हणजे आठ इंची पक्कड, साइड कटर, नोज प्लायर, स्ट्रिपर, चपटे दोन आणि फुलीचा एक असे तीन डिसमिस, चाकू, पाच मीटरची फीत, टेस्टर, टेप आणि छोटी हातोडी. हे सगळे मिळून दोन-अडीच किलो होते. यापेक्षा जास्त भरू नये. क्रिम्पिंगचे हत्यार, पाइपमधून वायर ओढायची स्प्रिंग, पान्यांचा सेट पिशवीत राहू दे. स्क्रूही एका वेळी मूठभरच घ्यावेत. अख्खा डबा कप्प्यात ओतला की पंचवीस आणि पस्तीस मिमीचे स्क्रू एकत्र होतात, आणि शिडीवर उभे राहून ते निवडत बसणे हे वेळ घालवायचे सर्वांत वाईट ठिकाण.

जागा एकदा ठरली की बदलायची नाही. डोळे टर्मिनलवर असतात आणि हात आपोआप कटरपाशी जातो, हाच पट्ट्याचा खरा फायदा. शिडीवर जितक्या वेळा माणूस खाली पाहतो, कमरेतून वळतो किंवा एका हाताने खिसा चाचपतो, तितक्या वेळा तोल हलतो. चढताना आणि उतरताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असा तीन ठिकाणी आधार शिडीला असायलाच हवा. हातात हत्यार असेल तर हे जमतच नाही. म्हणून हत्यारे कमरेला हवीत.

पट्ट्याची बक्कल शिडीवर आणखी एका कामाला येते. ती नेहमी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मधे राहिली पाहिजे. बक्कल दांडीच्या बाहेर गेली, तर समजावे की शरीराचा भार बाहेर गेला. मग हात लांबवायचा नाही, खाली उतरून शिडी सरकवायची. भिंतीला टेकवलेली शिडी दर चार मीटर उंचीला एक मीटर पुढे असावी. आणि वीजकामाला अॅल्युमिनियमची शिडी वापरू नये. फायबरची किंवा कोरडी लाकडी घ्यावी. पावसात भिजलेला बांबू वीज वाहतो, हे मांडववाल्यांना सांगावे लागते.

टेस्टरला स्वतंत्र कप्पा हवा, कारण वायरला हात लावण्याआधी तो निघायला हवा. तो पक्कडीखाली दबला असेल तर 'मेन बंद केलंय ना' एवढ्यावरच काम सुरू होते. पण निऑनच्या पेनासारख्या टेस्टरवर सगळा भरवसा टाकणे चूक आहे. त्याचा दिवा आपल्याच शरीरातून जाणाऱ्या अगदी बारीक प्रवाहावर लागतो. रबरी बूट घालून कोरड्या लाकडी घोड्यावर उभे असाल, तर तो मंद लागतो. उन्हात दिसतच नाही. न्यूट्रल तुटलेला असेल तर दोन्ही वायरींवर लागतो, आणि शेजारून दुसरी चालू वायर लांबवर गेली असेल तर बंद वायरीवरही मिणमिणतो. म्हणून पट्ट्यात दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर असावा. तो नसेल तर टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला बल्ब. पण तीन फेजच्या कामाला त्यात दोन बल्ब एकापुढे एक जोडलेले असावेत. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या वर दाब असतो, २३० चा एकच बल्ब हातात फुटतो. पाहण्याचा क्रमही ठरलेला आहे : आधी चालू असल्याची खात्री असलेल्या जागी टेस्टर लावून तो चालतो का हे पाहावे, मग आपल्या वायरीवर लावावा, मग परत त्या चालू जागी. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. टेस्टर मधेच बिघडला असेल तर ते तिथेच कळते.

याच कप्प्याशेजारी एक छोटे कुलूप आणि 'काम चालू आहे, स्विच लावू नये' अशी पाटी ठेवावी. खाली एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, बंद करून वर चढलेल्या माणसाचा जीव, दिवे का गेले म्हणून चिडून मीटर रूममध्ये आलेल्या रहिवाशाच्या बोटावर अवलंबून असतो. कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात हवी, वॉचमनकडे नको.

हत्यारांच्या मुठींबद्दलही गैरसमज आहे. साध्या पक्कडीवरचे प्लास्टिक पकड बसण्यासाठी असते, वीज अडवण्याची हमी त्यात नसते. वीजकामाच्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण आणि '१००० व्होल्ट' असे लिहिलेले असते. आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बनलेले असे प्रत्येक हत्यार १०,००० व्होल्टला तपासलेले असते. अनेक कंपन्या मुठीला दोन रंगांचे थर देतात. वरचा थर झिजून किंवा कापला जाऊन आतला रंग दिसू लागला, की ते हत्यार वीजकामातून बाद. त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळून पुढे वापरणे म्हणजे स्वतःला फसवणे. आणि अशा मुठी कापल्या जातात त्या बऱ्याचदा खिशात किंवा पिशवीत, उघडा चाकू आणि ड्रिलचे बिट यांच्याबरोबर घासून. वेगळ्या कप्प्यात त्या जास्त टिकतात.

रिकामा कप्पा बोलतो, तेही ऐकायला हवे. काम संपले, पॅनेलचे दार लावायचे आहे, आणि कमरेवर एक कप्पा रिकामा आहे, तर दार लावायचे नाही. ते हत्यार पॅनेलच्या आत, केबलवर किंवा बसबारच्या मागे असू शकते. आत राहिलेला पाना मेन चालू करताच काय करतो, ते वर सांगितलेच आहे. हत्यारे पिशवीत टाकणाऱ्याला ही मोजणी जमत नाही. पिशवीत दहा हत्यारे आहेत की अकरा, हे वरून दिसत नाही. पट्ट्यात ते हात फिरवून दोन सेकंदांत कळते. फॉल्स सिलिंग बंद करण्याआधीही हाच हात फिरवावा. तिथे राहिलेली हातोडी स्फोट घडवत नाही, पण जिप्समच्या पत्र्यावर ठेवलेले वजन कधीतरी कोणाच्या तरी ताटात येते.

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांना टेपच्या रिंगा अडकवायला धातूची साखळी दिलेली असते. वीजकाम करणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी काढावी आणि तिच्या जागी जाड सुती दोरी किंवा बुटाची लेस बांधावी. लोंबणारी साखळी उघड्या बोर्डापुढे काय करेल, ते वेगळे सांगायला नको. बक्कलही प्लास्टिकची, एका हाताने दाबून सुटणारी असावी. पट्टा कशात अडकला तर तो क्षणात सोडता आला पाहिजे. काही ठिकाणी पट्टा घालूच नये : चालू पॅनेलच्या मागच्या अरुंद जागेत, फिरत्या मशीनपाशी, छतावरच्या पोकळीत सरपटताना. तिथे लागतील तेवढी दोन हत्यारे हातात घ्यावीत आणि पट्टा बाहेर ठेवावा.

दुचाकीचे सांगितलेच पाहिजे. एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना पट्टा तसाच कमरेला बांधून बाइक चालवणारे रोज दिसतात. साधी घसरगुंडी झाली तरी डिसमिसाचे टोक मांडीत किंवा पोटात शिरते. पट्टा डिकीत, नाहीतर पिशवीत.

शरीरावरच्या भाराबद्दल फारसे बोलले जात नाही. सगळे वजन एका बाजूला असेल तर चालताना माणूस नकळत दुसरीकडे झुकतो, आणि काही वर्षांत कंबर धरते. अरुंद पट्टा पोटाखाली घट्ट आवळला, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूची संवेदना वाहून नेणारी नस कमरेपाशी दबते. मांडी बधिर होते, मुंग्या येतात, आग होते. अनेक जण हे वाताचे दुखणे समजून तेल चोळत बसतात. पट्टा सैल केला आणि वजन कमी केले की बऱ्याच जणांना आराम पडतो. नाही पडला तर डॉक्टरकडे जावे. पट्टा कुल्ह्याच्या हाडावर टेकला पाहिजे, पोटावर नव्हे. तो निदान दोन इंच रुंद असावा आणि आतून गादी असावी. वजन जास्तच असेल तर खांद्यावरून जाणारे दोन पट्टे जोडावेत. आयटीआयमध्ये वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि तारतंत्री (वायरमन) हे व्यवसाय शिकणाऱ्या मुलींना बाजारातला पट्टा सैल पडतो, कारण त्याची भोके मोठ्या कमरेपासून सुरू होतात. तो सरकून मांडीवर येतो, आणि मग 'मुलींना हे झेपत नाही' असे म्हणायला लोक मोकळे. जादा भोके पाडायला मोच्याला पाच मिनिटे लागतात.

पट्टा कशाचा असावा, हे गावावर ठरते. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात चामड्याला बुरशी धरते. तिथे जाड नायलॉनचा बरा, तो लवकर वाळतो. देशावर चामड्याचा जास्त टिकतो, कारण डिसमिसाचे टोक नायलॉनला महिन्या-दोन महिन्यांत आरपार भोक पाडते. कोल्हापूर भागात हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेले कातडे मिळते. त्याचा पट्टा शिवून घेणे सहज शक्य आहे, पण रिबिटे तांब्याची किंवा पितळेची सांगावीत. अशा कातड्यात लोखंडी रिबिट मारले की ओलाव्याने भोवती काळा डाग पडतो आणि तिथले कातडे हळूहळू ठिसूळ होते. कप्प्याच्या तळाला दुहेरी कातडे घालावे आणि तळाशी पेन्सिल जाईल एवढे भोक ठेवावे. भिंतीला छिद्रे पाडताना उडणारी सिमेंटची धूळ कप्प्यातच साठते, पावसाचे पाणी तिला मिळते, आणि स्ट्रिपरची स्प्रिंग व पक्कडीचा सांधा जाम होतो. आठवड्यातून एकदा पट्टा उलटा करून झटकावा. भिजलेले कातडे सावलीत वाळवून एरंडेलाचा हलका हात द्यावा. जास्त तेल पाजले तर कप्प्याची तोंडे ढिली पडून मिटतात.

सुताराचा पट्टा वेगळा असतो. त्यात खिळ्यांचे कप्पे मोठे, पेन्सिल आणि गुण्याला जागा, आणि पटाशीला धारेवर कडक म्यान लागते. गवंड्याला मात्र पट्ट्याचा फारसा उपयोग नाही. थापी मालाने भरलेली असते, ती घमेल्यातच बरी. ओळंबा आणि फीत तेवढी कमरेला हवी.

आता शासनाकडे आणि ठेकेदारांकडे मागणी. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगारांना सुरक्षा संच देते. त्यात हार्नेस, हेल्मेट, बूट, हातमोजे, गॉगल, टॉर्च असतात, जेवणाचा डबा आणि मच्छरदाणीही असते. त्यात वीजतंत्री, सुतार, नळकारागीर म्हणून नोंद असलेल्यांना हत्यारांचा पट्टा द्यावा. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांना १५,००० रुपयांपर्यंतची हत्यारे मिळतात. त्यात सुतार आहेत, पण वीजकाम करणारे त्या यादीत नाहीत. निदान सुतारांच्या संचात पट्टा घालता येईल. आयटीआयमध्ये हत्यारे हाती देतानाच पट्टा द्यावा आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांत 'हत्यार जागेवर परत गेले का' यासाठी दोन गुण ठेवावेत. मुलगा दोन वर्षे टेबलावर हत्यारे मांडून काम करायला शिकतो आणि बाहेर पडल्यावर त्याला पहिल्या दिवसापासून शिडीवर काम करावे लागते. तिथे टेबल नसते. गणेश मंडळांनीही मांडवाचे वीजकाम देताना दोन अटी घालाव्यात : हत्यार वर फेकायचे नाही, आणि वर काम चालू असताना खालची जागा दोरी लावून मोकळी ठेवायची. याला काही खर्च येत नाही.

खरेदीच्या निविदेत नुसते 'टूल बेल्ट' लिहिले तर सर्वांत स्वस्त, एका पावसात उसवणारा माल येईल. म्हणून एवढे स्पष्ट लिहावे : पट्ट्याची रुंदी किमान ५० मिमी, आतून गादी, कंबर २६ ते ४४ इंचांपर्यंत बसेल अशी जुळवणी, बक्कल प्लास्टिकची, एका हाताने सुटणारी, कप्पे सुटे, उजवीकडे-डावीकडे सरकवता येणारे, तळ दुहेरी आणि भोकाचा, प्रत्येक कोपऱ्याला रिबिट किंवा दुहेरी शिवण, टेपसाठी साखळी नको, दोरी हवी, टेस्टरचा कप्पा वेगळा आणि झाकणाचा, हत्यारांच्या दोऱ्यांसाठी दोन मजबूत कड्या, आणि पट्ट्यावर ठळक मराठीत शिवलेली एक ओळ : 'हा पट्टा पडण्यापासून वाचवत नाही, उंचीवर हार्नेस लावा.'

आपले,
वीजतंत्री व तारतंत्री व्यवसायाचे काही शिल्पनिदेशक आणि परवानाधारक वायरमन,
रत्नागिरी